खिडकीची जागा

"टेक-ऑफ?"

"विमानानं जमीन सोडणं."

"लँडिंग?"

"परत जमिनीवर येणं." जतननं वहीतून मान वर केली. "पण मास्तर, पहिलाच शब्द जास्त गोड शे, नाही?"

लीलाधर मास्तर हसले. कान धरावा अशी एकही चूक ही मुलगी उच्चारात करत नसे.

जळगावात हस्तीमल शेठच्या ओसरीवर आठवड्यातून तीन सकाळी ही शिकवणी चाले. मास्तर नशिराबादहून सायकल दामटत येत. फाळणीआधी अकरा वर्षं ते कराचीच्या विमानतळावर कारकून होते. हजारो लोकांना त्यांनी विमानात चढवलं. स्वतः मात्र शिडीच्या पहिल्या पायरीवरही कधी पाय ठेवला नाही. मग देश तुटला, नोकरी गेली, आणि नशिबी आली ती मॅट्रिकला आपटलेली पोरं. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली होती. तरी आभाळात घरघर ऐकू आली की मास्तर हातातला घास ताटात ठेवून अंगणात धावत. बायको म्हणायची, हे खूळ सरणावरच जाणार.

म्हणून शेठजींचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "माझ्या मुलीला विमानप्रवासाचे सगळे इंग्रजी शब्द शिकवा," शेठजी म्हणाले होते. "जाण्याआधी तिची एवढी एकच इच्छा राहिली आहे."

कुठे जाणार, कुणाकडे, हे मास्तरांनी विचारलं नाही. मारवाड्यांच्या मुली नैरोबीला दिल्याचं त्यांच्या कानावर होतं, आणि मोठ्या घरच्या कार्यात नाक खुपसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. घरात तयारी तर दिसतच होती. शालू आला होता, मेण्यासारखी सजवायची बग्गी ठरली होती. मावश्या रोज येऊन रडून जात. जतनची आई सुगनबाई चहाचा कप आणून ठेवी आणि लेकीकडे बघत दारातच उभी राही.

"परतीचं तिकीट नसलं तर काय म्हणतात, मास्तर?"

"वन-वे."

जतननं वहीत लिहून घेतलं. सुगनबाई डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

वैशाखाचं ऊन होतं. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. जतन मात्र अनवाणी फेऱ्या मारत पाठ करायची: रनवे, कॉकपिट, एअर पॉकेट.

"अगं, चप्पल घाल. पाय पोळतील."

"सवय करतेय."

मास्तरांना वाटलं, असेल काही नवस. सामानाचं सांगितलं तेव्हाही असंच झालं. माणशी चव्वेचाळीस पौंड नेता येतात म्हटल्यावर ती खुदकन हसली. "एवढं? माझं तीन-चार पौंडांत भागेल." भागेलच, मास्तर मनाशी म्हणाले, सासर गडगंज असणार.

शेवटच्या दिवशी त्यांनी तिच्याकडून एकच वाक्य दहा वेळा घोटून घेतलं. विंडो सीट, प्लीज.

"हे विसरू नकोस. खिडकीचीच जागा माग," मास्तर म्हणाले. "आणि एक माझं काम कर. ढग वरून कसे दिसतात, ते मला चार ओळींत कळव. खालून पाहून पाहून मान मोडली माझी."

जतननं वही मिटली. "पत्र नाही लिहू शकणार, मास्तर. तिथे चालत नाही ते."

मास्तरांचा चेहरा उतरला. सासर फारच कडक दिसत होतं.

"मी सात वर्षांची असताना धुळ्याला मामांच्या गच्चीवरून विमान पाहिलं," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांवरून मन निघालं, पण त्या विमानावरून निघेना. म्हणून तुम्हाला बोलावलं. बठ्ठे शब्द शिकून घ्यायचे, म्हटलं. एकही मागे राहायला नको."

सोमवारी सकाळी मास्तर निरोपाला आले, तेव्हा त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा होता. विमान वर चढताना कान गच्च होतात, तेव्हा गोळी चघळायची असते.

बँड वाजत होता. शालू नेसलेली, दागिन्यांनी मढलेली जतन बग्गीत बसून दोन्ही हातांनी लोकांना रुमाल, वाट्या, बांगड्या वाटत होती. असेल यांची रीत, म्हणत मास्तर गर्दीत घुसले. तिनं त्यांना पाहिलं, बग्गी थांबवली आणि वही त्यांच्या हातात ठेवली.

"पाठ झाले सगळे?"

"सगळे." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "आता तुम्ही सांभाळा."

गोळ्या द्यायच्या राहूनच गेल्या. बग्गीमागे चालत मास्तर गावाबाहेरच्या आमराईपर्यंत आले. मांडवात पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून ते बाहेर हिलाल टांगेवाल्यापाशी तासभर थांबले. विमान मुंबईहूनच असणार, आणि तिकडच्या गाडीला अजून दीड तास होता.

"हिलालभाऊ, पोरीला स्टेशनावर तूच नेणार ना? जरा हा पुडा दे तिच्या हातात."

"मी कशाले?" हिलाल त्यांच्याकडे बघतच राहिला.

तेवढ्यात मांडवात जयजयकार झाला आणि कनात वर उचलली गेली. पांढऱ्या वस्त्रांतल्या चार साध्वी अनवाणी बाहेर पडल्या आणि तापलेल्या सडकेला लागल्या. सगळ्यात मागचीचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. ती जतन होती.

हिलालनं टांग्यावरूनच हात जोडले. "दीक्षा शे ना तिनी. आते जलमभर पायेपायेच, मास्तर."