अविवाहित मुलाचा अर्ज

अंपारो गेल्याचं कळलं तेव्हा डेल्फिन दागुपानच्या मासळीबंदरावर एका बोटीचं इंजिन उघडून बसला होता. रोवेना हॉस्पिटलमधून धावतच आली होती. "बाबा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. डेंग्यूचा ताप होता. आदल्या दिवशी अंपारो उठून बसली होती, पेज प्यायली होती.

डेल्फिनने हात पुसले आणि तो मुलीच्या मागे निघाला.

हॉस्पिटलच्या खिडकीवर बाईने विचारलं, "तुम्ही मिस्टर ना?"

तो काही बोलायच्या आत नेनिता आत्या मध्ये घुसली. "सह्या मी करते. हे आमचे ओळखीचे."

रोवेना आत्याकडे बघत राहिली. डेल्फिन भिंतीकडे.

बाहेर आल्यावर आत्याने दोघांना जिन्याखाली ओढलं. "आता कोणी वेड्यासारखं वागू नका. पुढच्या महिन्यात वकिलातीत व्हिसाची मुलाखत आहे. डेल्फिन, आपल्या आईने तुझा अर्ज भरलाय तो अविवाहित मुलगा म्हणून. लग्नाचा वास जरी लागला तरी अर्ज संपला. तुझा आणि हिचाही."

"मला माहितीये, ताई."

"माहितीये तर रडताना तोंड सांभाळ."

आजी कॅलिफोर्नियात म्हाताऱ्यांच्या घरात कामाला होती. तिच्याकडे कायम राहायचं कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. नागरिक झाली असती तर लग्न झालेल्या मुलालाही बोलावता आलं असतं. पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा बसलीच नाही. रोवेना पहिलीत होती तेव्हा आजीने अर्ज भरला. आता रोवेना एकोणीस वर्षांची होती. एकविशी गाठली की बापाच्या अर्जातून तिचं नाव गळणार होतं.

अंत्यदर्शनासाठी शवपेटी घरीच ठेवली. वर अंपारोच्या फोटोचा बॅनर लावला. त्यावर तिचं माहेरचं आडनाव होतं.

"हे आईचं नाव नाही," रोवेना म्हणाली.

"तिचंच आहे," डेल्फिन म्हणाला.

"शाळेत, बाजारात, सगळीकडे ती मिसेस मकाराएग होती. तुमचं मनिलात लग्न झालं, मी पोटात असताना. तिनेच सांगितलंय मला."

"आडनाव तसंच राहू दे."

गल्लीतली माणसं रात्री जागायला येत होती, कॉफी पीत होती, पत्ते खेळत होती. शेजारचा सिमियोन पानं पिसता पिसता मोठ्याने म्हणाला, "काय रे डेल्फिन, कुणाच्या बायकोसाठी जागतोयस?"

दोघंतिघं हसले. सिमियोनच्या मेहुण्याचा व्हिसा असाच अडकला होता. कोणीतरी वकिलातीला निनावी कळवलं होतं, ह्याचं लग्न झालंय म्हणून. तेव्हापासून तो सगळ्यांकडे संशयाने बघायचा.

"पत्ते वाट," डेल्फिन म्हणाला.

रोवेना उठून मागच्या दारी गेली. आत्या पाठोपाठ आली.

"मला नाही जायचं अमेरिकेला," रोवेना म्हणाली.

"मग काय करणार? तिच्यासारखी बाजारात मासळी विकणार? तुझ्या आईने बारा वर्षं कशासाठी काढली? तुला नर्स करायचं म्हणून ना?"

"आईला बायको म्हणायची लाज वाटते बाबांना."

"लाज नाही गं. भीती वाटते."

महिन्याभराने बापलेक मनिलाच्या बसमध्ये बसले. आत्याने भात आणि तळलेला बांगुस मासा केळीच्या पानात बांधून दिला होता. कोणी ते उघडलं नाही. अर्ध्या वाटेवर डेल्फिनने बोटातली अंगठी काढली. निघत नव्हती. त्याने बोटाला थुंकी लावली, पिळून ती काढली आणि खिशात टाकली. रोवेनाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

वकिलातीत काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. तो सौम्यपणे बोलत होता, त्यामुळे जास्तच धास्ती वाटत होती.

"मुलीच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची जागा रिकामी आहे."

"हो, साहेब."

रोवेनाला वाटलं, ही बाबांची हुशारी. तेव्हापासूनच तयारी केलेली.

"मुलीची आई कुठे असते?"

"गेल्या महिन्यात वारली."

"वाईट झालं." अधिकाऱ्याने पुढचा कागद उलटला. "तुम्ही एकाच घरात राहत होता?"

"हो."

"लग्न केलं होतं? चर्चमध्ये, कोर्टात, कुठेही?"

"नाही, साहेब."

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. रोवेनाला त्याची किळस आली. अधिकाऱ्याने मान तिच्याकडे वळवली.

"तुला काय माहिती आहे? त्यांचं लग्न झालं होतं?"

तिला बॅनर आठवला. खरं सांगावं आणि घरी जावं, असं तिच्या जिभेवर आलं. मग आईचे हात आठवले, खवले चिकटलेले, बर्फाने फुटलेले.

"नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा मंजूर झाला, असं सांगितलं आणि दोघांना शुभेच्छा दिल्या.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, फोन लावत होते. रोवेना झपझप पुढे गेली आणि एकदम मागे वळली.

"झालं ना मनासारखं? आईला पुरून महिनाच झालाय. तुम्ही खोटं बोललात आणि मलाही बोलायला लावलंत."

"खोटं कोणीच बोललं नाही, पोरी."

"आई म्हणायची—"

"गल्लीत तोंड दाखवायला हवं म्हणून म्हणायची. आणि तुला बरं वाटावं म्हणून." डेल्फिन रस्त्याच्या कडेला खाली बसला. "कार्ड हातात आलं की परत यायचं आणि चर्चमध्ये उभं राहायचं, असं ठरलं होतं आमचं. बाकी सगळं झालं. लग्न तेवढं राहिलं."