लिहून द्या, बाई

अध्यक्ष नानासाहेबांच्या टेबलावर चहाचे चार कप, पेढ्यांचा एक डबा आणि एक कोरा कागद होता. पेढे जावयाच्या बढतीचे होते. कागद खटावकर बाईंसाठी होता.

शाळेचं मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने बाईंचं होतं. त्यांनी नकार लिहून दिला, तरच ते यादीतल्या पुढच्या शिक्षकाला, म्हणजे नानासाहेबांच्या जावयाला मिळणार होतं. या संस्थेत बायका असा नकार मुकाट्याने लिहून देत आल्या होत्या.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली, बाई. कशाला डोक्याला ताप?" नानासाहेब म्हणाले.

"विज्ञान शिकवते मी. ताप मोजायची सवय आहे."

जावयाला हसू आलं. नानासाहेब हसले नाहीत. "स्वतःच्या हाताने लिहा. आमची जबरदस्ती दिसायला नको."

बाईंना आधीच्या दोघी आठवल्या. दोघींनी 'घरगुती अडचण' असं कारण लिहिलं होतं. दोघींच्या घरी कसलीच अडचण नव्हती. बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि एकच ओळ लिहिली. जावई डब्याचा दोरा सोडू लागला.

"आधी वाचा तरी," बाई म्हणाल्या.

नानासाहेबांनी वाचलं : मुख्याध्यापकपद स्वीकारण्यास मी तयार आहे.

"बाई, पुन्हा विचार करा."

"केलाय. शिक्का मारून पोच द्या."

शिक्षण खात्याची मान्यता जूनमध्ये आली. बाईंनी बोलावलेल्या पहिल्या सभेला तेवीस शिक्षकांपैकी एकवीस जण आले. दोघांनी रजा टाकली होती. जावई हजर होता.