शनिवारचा कॅमेरा

अवधूतचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. पण ते झालेलंच नाही असं आपण धरून चालू या. सोमवारी सकाळी अकराला अवधूतही तसंच धरून वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात बसला होता आणि मजेत होता.

मजेत, कारण तो निर्दोष होता. त्याच्या स्कूटरवर वेगाची तीन चलानं आली होती, आणि तिसऱ्याबरोबर लायसन्स निलंबनाची नोटीस. तिन्ही खरवईच्या वळणावरची, त्याच्या घरापासून दोन मिनिटांवरची, तिन्ही शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराची. शनिवारी बाराला अवधूत अंबरनाथ एमआयडीसीत कंपनीची बस चालवत असायचा आणि स्कूटर कंपनीच्या गेटात उभी असायची. आता लायसन्स गेलं की बस गेली, बस गेली की नोकरी गेली.

"साहेब, तुमच्या कॅमेऱ्याला साडेसाती लागलीये."

हवालदार शिवराम हसले नाहीत. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "गाडीला लिंबू-मिरची बांधता?"

"बायको बांधते, दर शनिवारी. विकतची नाही, स्वतः ओवते. मिरच्या सहाच. सातवी पोह्यांत टाकते. म्हणते, नजर सहा मिरच्यांत पण उतरते, मिरचीशिवाय पोहे घशाखाली नाही उतरत."

"हं. वेग रडार मोजतं. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर. पण रडारला वाचता येत नाही. नंबर वाचतो कॉम्प्युटर, फोटोवरून. प्लेटला चिखल असला, काही लोंबत असलं, की तो ठोकून देतो." त्यांनी स्क्रीन वळवली. "हे बघा."

करडी स्कूटर, हुबेहूब अवधूतची. हेल्मेटवाली पाठ. नंबराच्या शेवटच्या आकड्यावर लिंबू.

"लिंबाला शून्य वाचलंय त्याने."

अवधूत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"पण लिंबामागून आठाची कंबर दिसतेय. ही तुमची चाळीस ऐंशी नाहीच. चाळीस अठ्ठ्याऐंशी आहे."

हसू तिथेच थांबलं. चाळीस अठ्ठ्याऐंशी वांगणीच्या कमलेशची. दोघांनी उल्हासनगरच्या एकाच शोरूममधून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या होत्या.

"साला! गाडी हा उडवणार आणि चलान माझ्या बोकांडी? तिन्ही वेळा माझं रडगाणं ऐकलं त्याने. वर म्हणतो, 'कोर्टात जा, भावा!'"

"दोस्त?"

"शाळेपासूनचा. पण माझ्या बायकोला, मीनलला, तो डोळ्यांसमोर नको असतो. घरी आला तर चहासुद्धा विचारत नाही. तिने बरोबर ओळखलं, साहेब. मीच येडा."

"मग लिहा अर्ज. फोटो जोडा. लायसन्स वाचलं तुमचं."

प्रिंटसाठी शिवरामनी फोटो मोठा केला. लिंबू नारळाएवढं झालं. त्याच्या खाली मिरच्या लोंबत होत्या. अवधूतने सहज मोजल्या. मग खालून वर मोजल्या.

सहाच होत्या.

"काय झालं?" शिवरामनी विचारलं.

"काही नाही. कागद द्या."

त्याने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला:

'महोदय, तिन्ही वेळा सदर वाहन मीच चालवत होतो असे धरावे. चलाने कायम ठेवावीत, लायसन्सही निलंबित करावे. फक्त सदर छायाचित्र कधी निघालेच नव्हते, असे आपल्या कार्यालयाने मला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.'