डोक्याचा दवाखाना

“मॅडम, कार्ड चालतं का इथं?” झुंबरबाईनं पदर सावरत विचारलं. कडेवर नातू झोपला होता. मागं सून रूपाली पिशवी धरून उभी.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सरकारी योजनेचं ना? चालतं आजी. ऑपरेशन कुणाचं आहे?”

“ऑपरेशन कशाचं? डोस्कं बिघडलंय नुसतं. फोडायचं थोडंच हाय?”

दवाखाना निघाला मेंदूच्या ऑपरेशनचा. दोष तरी कुणाला द्यावा? जाफराबादच्या स्टँडवर झुंबरबाईनं ‘जालन्यात डोक्याचा दवाखाना कुठंय’ असं विचारलं, लोकांनी डोक्याचाच सांगितला. मनाचा दवाखाना असं आपल्याकडं कोण म्हणतं?

झुंबरबाईचं डोकं फिरल्याची बातमी खुद्द तिनंच गावभर केली होती. नळावर उभी राहून सांगायची, “मला रात-रात झोप न्हाई बाई. घास गोड लागत न्हाई. लेकरू रडलं तरी उचलावं वाटत न्हाई. एखांद्या दिवशी विहीर जवळ करीन.” ऐकता ऐकता बायांच्या घागरी भरून वाहायच्या. असलं दुखणं माणसं झाकून ठेवतात, आणि ही बाई दवंडी पिटत होती.

मुलगा भिवा एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये. त्याला सुट्टी मिळेना. मग सासूला न्यायचं कुणी? रूपालीनं. बाळंतपणातून उठलेली पोर, अंगात त्राण नाही, पण नाही म्हणाली नाही. सकाळी जीपमध्ये शेजारची चतुराबाई होती, जाफराबादच्या बाजाराला निघालेली. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सून असावी तं अशी. आजकालच्या पोरी सासूला तांब्याभर पाणी देत न्हाईत.”

रूपाली बाहेर बघत राहिली. गुणी माणसाला आपलं कौतुक ऐकताना अवघडच होतं.

मग चतुराबाईनं आवाज खाली आणला. “पण झुंबरे, जपून. वरच्या आळीतल्या सुनेला असल्या गोळ्या चालू झाल्या, तं माहेरी नेऊन घातलं. लेकरू ठेवून घेतलं इकडंच.”

“मला कोण माहेरी घालतंय?” झुंबरबाई म्हणाली. “माझ्या माहेरच्या घरात आता शेळ्या बांधत्यात.”

सगळी जीप हसली. डोकं फिरलं तरी बाईची जीभ जागेवर होती.

जालन्यातला दुसरा दवाखाना मनाचाच निघाला, पण तिथं कार्ड चालत नव्हतं. झुंबरबाई हात हलवत बाहेर आली. रूपाली पायरीवरच बसली.

“आत्याबाई, चला माघारी. काय बी व्हायचं न्हाई आता.”

“ऊठ. दवाखाना घावल्याबिगर मी गावात पाय ठेवायची न्हाई.”

काय जिद्दीची बाई! धडधाकट माणूस असता तर केव्हाच एसटीत बसला असता. ही रसवंतीवाल्याला विचारी, रिक्षावाल्याला विचारी, कुणी हसलं तरी पुढच्याला विचारी. आता तिला शब्दही बरोबर सापडला होता: “मनाचा डॉक्टर, अन् कार्ड घेणारा.” नातू कडेवरच. तो रडला की ती चालता चालताच त्याला थोपटायची. रूपालीला ओझं म्हणून फक्त पिशवी. शेवटी एका मेडिकलवाल्यानं शेजारचा जिना दाखवला.

वरच्या मजल्यावरचा दवाखाना लहानसाच होता. तिथली ताई म्हणाली, “कार्ड चालतं. पण भरती व्हावं लागेल थोडे दिवस. पेशंटसोबत घरचं कुणीतरी पाहिजे.”

“थांबतो की आम्ही दोघी बी,” झुंबरबाई म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीला पाठ टेकून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

तिथूनच तिनं चतुराबाईला फोन लावला. “मला भरती करून घेऊन राह्यलेत. रूपाली बी थांबती माझ्यापाशी. समद्यांला सांग.”

“सांगते. तू काळजी करू नको,” चतुराबाई म्हणाली. “नशीब काढलंस बाई, असली सून मिळाली.”

“खरंय,” झुंबरबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईनं मशीन पुढं सरकवलं. “कार्ड ज्याचं, त्याचाच अंगठा लागतो. आजी, ठेवा इथं.”

झुंबरबाईनं नातू दुसऱ्या कडेवर घेतला, रूपालीचा हात धरला आणि तिचा अंगठा मशीनवर ठेवला.

“पेशंट ही हाय, ताई,” ती म्हणाली. “मी आपली गावापुरती येडी.”