पाचच्या वर

"ताई, पुन्हा छान," सुरक्षा अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. "शून्य पूर्णांक तीन. गेल्या वेळी तर शून्य पूर्णांक चार होता."

तिने कपाळाला हात लावला. सातवा महिना चालू होता. दिवसभर बोल्टांच्या जाळ्या कॅडमियमच्या टाकीत बुडवायच्या, निथळवायच्या, पुढे ढकलायच्या, हे तिचं काम. बाळाचं वजन वाढत नाहीये, त्या टाकीपासून लांब राहा, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं.

"मला पॅकिंगला टाका. बाळंतपणापर्यंतच."

"नियम आहे ना. लघवीत कॅडमियम पाचच्या वर आलं की त्याच दिवशी बदली. तुमचं तर माझ्या बायकोपेक्षा कमी असेल, आणि ती शाळेत शिकवते."

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"बाहेरचं काही चालत नाही. आपली स्वतःची प्रयोगशाळा आहे." हे त्याने अशा कौतुकाने सांगितलं, की जणू ती त्यानेच नऊ महिने पोटात वाढवली होती.

नोकरी सोडावी तर बाळंतपणाची रजाही बुडणार. घरी येईपर्यंत तिचं डोकं भणभणलं होतं.

घरी सासरे होते. त्याच टाकीवर तीस वर्षं काढून मूत्रपिंडं खराब करून बसलेले. मागच्याच महिन्यात मोठ्या इस्पितळात त्यांचा आकडा चौदा निघाला होता. पण सुनेने सासऱ्याकडे मागावी अशी ही वस्तू नव्हती. तिने सासूला मध्ये घातलं.

"अहो," भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, "उद्या सकाळची पहिली या बाटलीत धरा."

"का? आता आणखी काय झालं मला?"

"तुम्हाला काही नाही झालं. सुनेला हवी आहे."

पलीकडे खाट करकरली.

"जन्मात कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही," सासरे म्हणाले. "आणि मागितलं तर हे."

सासू बाहेर येऊन हळूच म्हणाली, "पण ते लोक ओळखतील गं. बाईची नाही, हे कळतं म्हणे."

"कळू दे. लबाड म्हणून काढलं, रजा बुडाली, तरी टाकीपासून सुटेन."

सकाळी सासऱ्यांनी बाटली स्वतः आणून दिली. पुसलेली, झाकण घट्ट लावलेलं. नजर छताकडे.

"ने. तीस वर्षांत नातवंडासाठी एवढंच साठवलंय."

फेरतपासणी मागून तिने तीच बाटली आपल्या नावाने प्रयोगशाळेत दिली. आठवडाभर ती धास्तावलेली होती. पॅकिंगच्या बायकांनी मात्र ती येणारच असं धरून तिच्यासाठी खिडकीजवळचं स्टूल राखून ठेवलं, वर उशीही ठेवली.

शुक्रवारी बोलावणं आलं. सुरक्षा अधिकाऱ्याने चष्मा चढवला, कागदावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तिच्याकडे पाहत राहिला.

"कमाल आहे, ताई," तो म्हणाला. "शून्य पूर्णांक दोन."