बर्फातली हाक

"माताजी, एकदाच ऐकता येईल. ऐकताना बर्फ वितळतो," यंत्रवाल्याने बजावलं.

देवशिलेच्या हिमनदीत पर्यटकांचे जुने आवाज थराथरांत गोठून राहिले होते. इंदुमतीबाईंनी आपल्या मधुचंद्राच्या वर्षाचा थर निवडला. खेचरांच्या घंटा किणकिणल्या आणि त्यांच्या आडून, वारलेल्या नवऱ्याचा आवाज आला, "इंदू, एकदा तरी नावानं हाक मार गं. इथं कोण ऐकतंय?"

"इश्श, काहीतरीच तुमचं," तरुण इंदू लाजून म्हणाली.

मग नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

बाई दरीकडे वळल्या. उखाण्याशिवाय पहिल्यांदाच त्यांनी ते नाव घेतलं, मोठ्याने, "अच्युत..."

हाक समोरच्या उघड्या काळ्या कातळावर आपटून विरली. ती जपून ठेवायला इथे आता नवा बर्फ पडत नव्हता.