जॅकवेलवरची गोष्ट

“हं, कर सुरू,” आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

अक्षतानं हातातले कागद पालथे ठेवले. साताऱ्यात तीन महिने ती पटकथा विकायची कशी, तेच शिकत होती. ऐकणाऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा. पहिल्याच वाक्यात माणूस आणि त्याचं संकट सांगायचं. कागदाकडे बघायचं नाही आणि शेवट हातचा राखायचा नाही. आता डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हे काही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. तिनं शेजारी बसलेल्या संयोगिता मॅडमकडे पाहिलं. वर्ग त्यांचाच, आणि सांगलीजवळच्या या बंगल्यात तिला घेऊनही त्याच आल्या होत्या. आप्पासाहेबांचा कृष्णाकाठी पाच गावांत ऊस होता आणि आजवर दोन सिनेमांत त्यांनी पैसा घातला होता. इथं येण्याआधी पुण्यामुंबईच्या चार निर्मात्यांनी अक्षताला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. इथंही जमलं नाही, तर दिवाळीनंतर निमूटपणे मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं आईशी बोलणं झालं होतं.

भीती तेवढ्याचीच असती तर तिनं ती गिळली असती. पण ही गोष्ट तिच्या बापाची होती, आणि ते आई आणि मॅडम सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचा बाप मिलिंद कृष्णाकाठच्या एका जॅकवेलवर, म्हणजे शेतांसाठी नदीचं पाणी उचलतात त्या खोल विहिरीवर, राखणदार होता. अक्षता नऊ वर्षांची असताना एका पहाटे तो आत पडून बुडाला. पाय घसरला, असं गाव म्हणालं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. मायलेकींनी साताऱ्यात मामाचं घर गाठलं. पाय घसरला, हे अक्षतानंही केव्हाच मान्य केलं होतं. “पण नुसत्या अपघाताचा सिनेमा होत नाही गं,” मॅडम म्हणाल्या होत्या, “कुणीतरी ढकललं पाहिजे.” म्हणून तिनं मनानंच एक पाणीचोर बागायतदार उभा केला. नदी बदलली, गाव बदललं, बापाचं नाव धुळा ठेवलं. बापाच्या मरणात आपण खोटं कालवलं, ही टोचणी मात्र तिला झोपू देत नव्हती. आईला तर तिनं तो भाग वाचूनच दाखवला नव्हता.

“एक राखणदार आहे,” तिनं सुरुवात केली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “दुष्काळ पडलाय. पाण्याच्या पाळ्या लागल्यात. आणि याच्या राखणीतलं पाणी रोज चोरीला जातंय. मग एक दिवस तो चोर पकडायला मोटारीच्या खोलीत लपून बसतो...”

“पंपहाऊस म्हन,” आप्पासाहेब मध्येच म्हणाले. “आन् ऐन उन्हाळ्यात आत कोन लपंल? उकडून मरंल की. मानूस भाईर बसतो, पायरीवर.”

अक्षताची नजर पालथ्या कागदांकडे गेली. मॅडमनी टेबलाखालून तिचा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, “चुका काढतायत म्हणजे ऐकतायत. थांबू नकोस.”

“आवं मॅडम, कवाधरनं सांगतोय म्या सिनेमावाल्यास्नी,” आप्पासाहेबांचं चालूच होतं. “हितं ऊस लावत्यात आन् दोन गाणी झाली की तोडत्यात. असलं खोटं मला खपत न्हाई. लय राग येतो. हां पोरी, फुडं?”

पुढंही त्यांना काही खपलं नाही. व्हॉल्व्ह कुठल्या अंगाला फिरतो ते त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात विहिरीत किती पुरुष खोल पाणी उरतं ते सांगितलं. आतल्या लोखंडी शिडीला शेवाळ धरतं, तिच्यावर हात ठरत नाही, तेही सांगितलं. हळूहळू अक्षताची भीड चेपली. म्हातारा खडूस आहे, पण गोष्टीत पुरता रंगलाय, असं तिला वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकत होतं. सगळं सुरळीत पार पडेल या आशेचीच आता तिला भीती वाटायला लागली.

शेवट आला. हा भाग तिनं आरशासमोर शंभरदा म्हटला होता.

“बागायतदार चोरून व्हॉल्व्ह उघडतो. धुळा आडवा येतो. झटापट होते आणि बागायतदार त्याला ढकलतो. धुळाला पोहता येत नाही. बागायतदार वर काठावरच उभा असतो. शेजारी दोर पडलाय. नुसता खाली सोडला तरी माणूस वाचेल. पण तो सोडत नाही, बघत राहतो. धुळा ‘आई गं’ म्हणून शेवटचं ओरडतो आणि...”

“आई न्हाई म्हनला,” आप्पासाहेब मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. व्हॉल्व्हबद्दल बोलले होते त्याच आवाजात. “पोरीला हाका मारत हुता. चिमे, चिमे करतच खाली गेला.”

“वा! काय सुचलंय!” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते घाईघाईनं वहीत टिपून घेतलं.

अक्षता मात्र त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिली. तिला चिमी म्हणणारा या जगात एकच माणूस होऊन गेला होता, आणि ते नाव तिनं पटकथेत कुठंही लिहिलं नव्हतं.